टॅरोची पाने आणि गैरहजर पक्षकार

विवाहाच्या कामी दैवास साक्षीला बोलावण्याची चाल आपल्या समाजात फार जुनी आहे. गोमंतकात कुलदेवतेच्या मूर्तीला पाकळ्या लावून प्रसाद घेतात. तळकोकणात कौल लावतात. देशावर व वऱ्हाडात पत्रिका जुळवितात. आणि आम्ही जेथे राहतो त्या बालाघाटात, हिंदी मुलुखाच्या सहवासाने मराठी घरांतही शिरलेल्या तुलसीदासांच्या मानसाची पोथी उघडून रामशलाका प्रश्नावलीवर बोट ठेवतात. या जुन्या मंडळींच्या पंक्तीला अलीकडे एक परदेशी पाहुणा येऊन बसला आहे. त्याचे नाव टॅरो. पंक्तीत त्याचे पान कोणी मांडले, हे विचारण्यात आता अर्थ नाही. तो जेवू लागला आहे. त्याच्या पानात काय वाढले आहे आणि ते कोणाच्या वाट्याचे आहे, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

गोमंतकीय वाचकांस बालाघाटाचा परिचय असण्याचे फारसे कारण नाही, म्हणून दोन शब्द. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. आमचा सारा ओढा नागपूरकडे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले व आम्ही दुसऱ्यात राहिलो. तेव्हापासून घरात मराठी, शेजारी पवारी आणि कचेरीत हिंदी, असा आमचा त्रिवेणी संगम आहे. सोयरिकी मात्र आजही गोंदिया, भंडारा, नागपूर अशाच होतात. मुलगा एका गावी, मुलगी दुसऱ्या गावी, नोकरी तिसऱ्याच ठिकाणी. साखरपुडा झाल्यावरही दोघांची ओळख बहुधा दूरध्वनीवरची. अशा ओळखीत एक प्रश्न रात्री झोपू देत नाही. समोरच्याच्या मनात खरोखर काय आहे? पूर्वी तो प्रश्न मनातच जिरत असे. आता हातातल्या फोनवर पाने पिसून त्याचे उत्तर देणारे लोक घरबसल्या मिळतात, आणि दर प्रश्नामागे दक्षिणा घेतात.

ज्यांनी ही पाने पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. टॅरोचा संच ७८ पानांचा. त्यांतील ५६ पाने आपल्या पत्त्यांसारखीच चार रंगांची: चषक, तलवार, दंड आणि नाणी, प्रत्येक रंगाची चौदा. उरलेली २२ पाने स्वतंत्र चित्रांची: विदूषक, जादूगार, सम्राज्ञी, प्रेमी, न्याय, मृत्यू, सैतान, सूर्य इत्यादी. पृच्छकाने प्रश्न मनात धरावयाचा, पाने पिसावयाची, आणि ठरलेल्या आकृतीत ती मांडावयाची. या मांडणीला स्प्रेड म्हणतात. आकृतीतील प्रत्येक जागेला अर्थ असतो, प्रत्येक पानाला अर्थ असतो, आणि दोहोंच्या गुणाकारातून उत्तर निघते. प्रेमसंबंधाच्या मांडणीत बहुधा पाच-सहा जागा असतात: एक आपली, एक ‘त्याची’, एक दोघांमधील बंधाची, एक अडथळ्याची, एक पुढे काय याची. आमचा सारा वाद या दुसऱ्या जागेशी आहे. परंतु त्याआधी पानांची कुळकथा पाहू, कारण ती मोठी रंजक आहे आणि पाने सांगणारे लोक ती बहुधा चुकीची सांगतात.

ही विद्या इजिप्तच्या पुरोहितांची, असे सांगण्याची पद्धत आहे. वस्तुतः टॅरो हा पंधराव्या शतकातील उत्तर इटलीचा पत्त्यांचा खेळ. त्यातील २१ चित्रे म्हणजे कायमची हुकमाची पाने, विदूषक निराळा. ज्यांनी बैठकीत बसून हुकूम बोलून डाव मारला आहे, त्यांस हा खेळ अर्ध्या तासात समजेल. तीनशे वर्षांहून अधिक काळ लोक त्यावर मुख्यतः डावच खेळले. इजिप्तची कथा १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने रचली. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंने ती १८२२ मध्ये उलगडली, आणि मध्यंतरीच्या चाळीस वर्षांत कथेने बाळसे धरले. त्याच काळात पॅरिसमध्ये अलिएत नावाचा गृहस्थ पत्त्यांवरून भविष्य सांगू लागला. त्याने सरळ पानाचा एक अर्थ व उलट्या पानाचा दुसरा अर्थ ठरवून दिला, आणि आरंभ स्वतःच्या आडनावापासूनच केला: अक्षरे उलटी लावून तो एतेइया झाला.

गंमत अशी की इजिप्तशी या पानांचा संबंध आहे, पण तो फेरोंच्या इजिप्तशी नव्हे. युरोपात पत्ते चौदाव्या शतकात मामलूक सुलतानांच्या राज्यातून आले. चषक, नाणी, तलवारी व चौगानाच्या काठ्या हे चार रंग त्यांचेच. मामलुकांच्या जुन्या पत्त्यांवर ‘कंजिफा’ असा शब्द आढळतो. म्हणजे मिलानचा टॅरो आणि सावंतवाडीचा गंजिफा हे दूरचे भाऊबंद असावेत. आमच्या बाजूच्या भावाने निराळी वाट धरली. गंजिफाची पाने गोल राहिली, लाखेने रंगली, आणि त्यांवर दशावतार चढले: दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व दहा साधी पाने, एकूण १२०. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला मरणपंथाला लागली असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात चितारी बसवून ती जगविली. मत्स्य-कूर्मांची नावे घेत लोक दुपारभर गंजिफा खेळले. एवढी दैवते हाताशी असूनही त्या खेळाभोवती भविष्याचा बाजार उभा राहिला नाही, याची आम्ही आपल्या पूर्वजांच्या शहाणपणात गणना करतो. त्यांस देवाला काही विचारावयाचे झाल्यास देऊळ होते.

आज जगभर चालणारा टॅरोचा संच मात्र डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर कंपनीने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची. चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तिला मोबदला अल्प मिळाला, आणि १९५१ मध्ये ती कॉर्नवॉलमध्ये विपन्नावस्थेत निवर्तली. ज्या चित्रांवर लक्षावधी लोकांनी आपापल्या संसाराचे भविष्य वाचले, ती काढणारणीची ही अखेर. आमच्या मते या संचाचे सारे सामर्थ्य तिच्या रेषेत आहे. वेट यांच्या गूढ भाष्यात नाही. तिच्याआधी साध्या पानांवर बहुधा नुसते चषक वा तलवारी रचून दाखवीत. तिने प्रत्येक पानावर एक प्रसंग घातला. चषकांच्या दुर्रीवर युवक-युवती समोरासमोर उभे राहून चषक बदलीत आहेत. तलवारींच्या तिर्रीवर माणूस नाहीच. पावसाळी आभाळात एक हृदय, आणि त्यातून आरपार गेलेल्या तीन तलवारी. हे चित्र पाहून ज्याला काही आठवत नाही असा मनुष्य भाग्यवान म्हणावा लागेल.

संचातील सहावे पान ‘प्रेमी’ यांचे. त्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. मिलानच्या व्हिस्कोंती व स्फोर्झा घराण्यांसाठी रंगविलेल्या पंधराव्या शतकातील पानांवर एक पुरुष व एक स्त्री परस्परांचा हात हातात घेऊन उभे आहेत. वर डोळे बांधलेला मदन आहे. १४४१ मध्ये फ्रान्चेस्को स्फोर्झा व बियांका मारिया व्हिस्कोंती यांचा विवाह झाला. त्यांतील एका संचातील हे पान त्या विवाहाचेच स्मारक असावे असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. आपल्या वाचकांस या चित्राची फोड करून सांगावयास नको. ते पाणिग्रहण आहे. पुढे मार्सेल धाटणीच्या पानांत याच जागी एक तरुण दोन स्त्रियांच्या मधोमध उभा राहतो, आणि वरून मदन बाण रोखतो. पाणिग्रहणाचे द्वैधीभाव झाले. प्रश्न आता निवडीचा. १९०९ च्या संचात चित्र पुन्हा पालटले. आदम व ईव्ह यांसारखे दोघे अंतरावर उभे आहेत, मध्ये पर्वत आहे, वर देवदूत हात पसरून आहे. पुरुष स्त्रीकडे पाहतो. स्त्री देवदूताकडे पाहते. हात कोणाचाच कोणाच्या हातात नाही, आणि दृष्टीही मिळत नाही. आपल्याकडे मंगलाष्टकांनंतर अंतरपाट दूर होतो तो नेमका दृष्टीस दृष्ट मिळावी म्हणून. येथे पाट नसूनही भेट नाही.

आणि हेच चित्र पंधराव्या पानावर पुन्हा येते. तेच दोघे, तीच मांडणी. फक्त देवदूताच्या जागी सैतान, आणि दोघांच्या गळ्यांत साखळ्या. साखळ्या मात्र सैल आहेत. मनात आणले तर डोक्यावरून काढता याव्यात इतक्या सैल. विवाहसंस्थेवर आणि तिच्या विकृतीवर इतक्या थोड्या रेषांत इतके बोलणारी चित्रे आम्ही फार पाहिलेली नाहीत. टॅरोला सरसकट थोतांड म्हणून फेकून देणाऱ्यांशी आमचे जमत नाही ते यामुळे. चित्र म्हणून, रूपक म्हणून, ही पाने गंभीर आहेत.

मग दोष कोठे आहे? दोष मांडणीत आहे. वेट यांनी स्वतः दहा पानांची एक मांडणी छापून प्रसिद्ध केली. तिला त्यांनी प्राचीन केल्टिक म्हटले, पण ती प्राचीन असल्याचा पुरावा दिला नाही. तथापि ती मांडणी पाहता एक गोष्ट ध्यानात येते. विषयाला व्यापणारे वातावरण, आड येणारे विघ्न, मुळाशी असलेले कारण, सरलेले, येऊ घातलेले, पृच्छक स्वतः, त्याचे घर व भोवताल, त्याची आशा वा भीती, आणि शेवट. या दहा घरांपैकी एकही घर दुसऱ्या व्यक्तीच्या मनासाठी राखून ठेवलेले नाही. मांडणी पृच्छकाची आहे आणि पृच्छकापुरती आहे. आशा व भीती यांना मिळून एकच घर दिले आहे, हे तर आम्हांस फारच मार्मिक वाटते. ज्याची आशा धरावी त्याचीच भीती वाटते, हे कोणत्याही उपवर मुलीस वा मुलास पुस्तकातून शिकावे लागत नाही. ‘तो माझ्याविषयी काय विचार करतो’ हे घर प्रेमसंबंधाच्या नव्या मांडण्यांनी वाढविले, आणि तेथे या खेळाचा खटला झाला.

हा खटला कोणत्या प्रकारचा, हे सांगण्यास आमचा व्यवसाय उपयोगी पडतो. प्रतिवादी हजर नसता चाललेल्या दाव्यास आम्ही एकतर्फी म्हणतो, आणि त्यात झालेल्या निवाड्यास एकतर्फी हुकूमनामा. कायदा असा हुकूमनामा देतो, पण नाइलाजाने देतो. त्यापूर्वी समन्स बजावले गेले की नाही हे पाहतो. आणि ते रीतसर बजावले नव्हते, किंवा गैरहजेरीस पुरेसे कारण होते, असे प्रतिवादीने दाखविले तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ९, नियम १३ प्रमाणे तो हुकूमनामा रद्दही होतो. टॅरोच्या मांडणीत दुसऱ्या घरातील मनुष्यावर समन्स निघत नाही. आपल्या मनाची चौकशी कोणा अनोळखी टेबलावर चालू आहे, याची त्या बिचाऱ्यास वार्ताही नसते. त्याच्या वतीने एक छापील पान साक्ष देते, त्या साक्षीची उलटतपासणी होत नाही, आणि निकाल लागल्यावर तो रद्द करून घेण्यास कोणते न्यायालय आहे?

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत, म्हणून एक प्रकरण सांगतो. ओळख पटेल असे सारे तपशील गाळले आहेत. बालाघाट जिल्ह्यातील एक विवाहिता घटस्फोटाचा अर्ज करावयास आमच्याकडे आली. नवरा नागपूरला खासगी नोकरीत. ती काही महिन्यांपासून माहेरी. अर्जात परस्त्रीसंबंधाचा आरोप घालावा, असा तिचा आग्रह होता. स्त्री कोण, कोठली, केव्हा, असे आम्ही विचारले. उत्तरादाखल तिने फोनवरील छायाचित्रे दाखविली. ती पानांची होती. दुसऱ्या घरात तलवारींची सत्ती पुनःपुन्हा आली होती: छावणीतून पाच तलवारी उचलून एक इसम चवड्यांवर निसटतो आहे व मागे वळून पाहतो आहे, दोन तलवारी जमिनीत तशाच रोवलेल्या. पाने सांगणाऱ्या बाईंनी अर्थ सांगितला होता: लपवाछपवी, विश्वासघात, तिसरे माणूस. तीन-चार महिन्यांत हा प्रश्न तिने अनेकदा विचारला होता. दर वेळी पैसे भरून. नवऱ्याला एकदाही विचारला नव्हता. विचारले असते तर तो खोटेच बोलला असता, असे ती म्हणाली.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने न्यायालयावर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य घातले आहे. त्या निमित्ताने दोघे समोरासमोर बसले तेव्हा कळले की गृहस्थाची नोकरी केव्हाच गेली होती. तो सकाळी डबा घेऊन निघे, दिवसभर काम शोधी, आणि सासरी कळू नये म्हणून कर्ज काढून पगार आल्याचे भासवी. तिसरे माणूस होते ते सावकार.

येथे टॅरोचे भक्त म्हणतील, पाहा, पान खरेच होते. तो लपवीत होताच. आम्हीही ते नाकारीत नाही. धोका नेमका याच ठिकाणी आहे. पान साफ खोटे ठरले असते तर तिने ते केव्हाच फेकून दिले असते. अर्धे लागू पडले म्हणून त्याने उरलेल्या अर्ध्याची खात्री पटविली, आणि ज्या बोलण्याने पाच मिनिटांत उलगडा झाला असता ते बोलणे चार महिने अडवून धरले. कथेचा शेवट गोड झाला असे मात्र कोणी समजू नये. ती दोघे पुढे परस्परसंमतीने विभक्त झाली. १९७६ च्या दुरुस्तीने ती सोय कायद्यात आहे. फसवणूक तिला सोसवली नाही, तिचे कारण कोणतेही असो. पण विभक्त झाली ती खऱ्या कारणावरून, आणि न केलेल्या व्यभिचाराचा डाग त्या माणसाच्या नावावर कागदोपत्री लागला नाही. लहान गावात अशा डागाची किंमत काय असते, हे वाचक जाणतात. त्याच्या धाकट्या बहिणीची सोयरीक व्हावयाची होती.

पान ‘लागू’ का पडते, याचे एक शास्त्रीय उत्तर आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली व प्रत्येकास त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. ते कितपत जुळते, यास विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग त्याने उघड केले की सर्वांस एकच मजकूर दिला होता, आणि तो ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उतरविला होता. ‘समोरची व्यक्ती काहीतरी मनात ठेवून आहे’ हे वाक्य कोणत्या नवऱ्यास, कोणत्या बायकोस, कोणत्या वकिलास लागू पडणार नाही?

आता कोणी म्हणेल, परक्याच्या पानांवर टीका करावयाची आणि आपल्या पत्रिका-प्रसादांविषयी मौन पाळावयाचे, हा कोणता न्याय? प्रश्न रास्त आहे. पत्रिकेच्या भाकितशक्तीची परीक्षा आपल्याच पुण्यात झाली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून ज्योतिष्यांकडून त्या ओळखून घेतल्या. प्रत्येकास ४० पत्रिका दिल्या होत्या. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के आले. नाणे उडवून निम्मी बरोबर येतात. तेव्हा भाकिताच्या बाबतीत टॅरो एका पारड्यात आणि पत्रिका दुसऱ्यात, असा भेद करण्यास आमच्यापाशी आधार नाही.

भेद आहे तो कार्यपद्धतीचा. गुणमेलनास दोन पत्रिका लागतात. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ व नाडीचे ८, मिळून ३६ गुण. त्यांपैकी १८ जुळले की बोलणी पुढे जातात. हिशोब कसाही असो, दोन्ही घरांनी आपापले टिपण स्वखुशीने दिलेले असते, आणि काय पाहिले जात आहे हे दोघांसही ठाऊक असते. शिवाय पत्रिकेने आपल्या समाजाची एक मोठी सोय केली आहे, जिच्याविषयी पंचांगात काही लिहिलेले नसते: ‘पत्रिका जुळत नाही’ हे नकाराचे सभ्य रूप आहे. त्यात मुलीच्या रंगाचा, मुलाच्या पगाराचा, कोणाच्याच मनाचा उल्लेख येत नाही. दोष सारा ग्रहांवर जातो आणि दोन्ही घरे पुढच्या लग्नात एकमेकांना भेटू शकतात. टॅरोचा नकार असा नाही. तो माणसाच्या चारित्र्यावर ठपका ठेवून येतो.

देवळातील प्रसादाचे तर आणखीच निराळे. तेथे गाऱ्हाणे मोठ्याने घातले जाते. घरची मंडळी ऐकत असतात. प्रश्न असतो ‘हे कार्य पुढे न्यावे की नाही’. पाकळी उजवीकडून पडली तर एक, डावीकडून पडली तर दुसरे. अमक्याच्या मनात काय आहे हे त्यात देवास विचारीत नाहीत. आपण काय करावे एवढेच विचारतात. आणि एकदा उत्तर मिळाले की तोच प्रश्न उद्या पुन्हा, परवा पुन्हा, असा लावून धरणे शिष्टसंमत नाही. रामशलाकेतही २२५ घरांच्या चौकोनात बोट ठेवून दर नववे अक्षर घेत गेले की नऊ चौपायांपैकी एक हाती लागते, आणि ती पृच्छकाच्या कार्याविषयीच बोलते. या जुन्या रीतींनी प्रश्नालाच कुंपण घातले होते.

पण त्या कुंपणाच्या आत कोण होते? गाऱ्हाणे घालावयास बाप उभा, काका उभा, मामा उभा. जिचे लग्न ती बहुधा घरी. देवाचा कौल घेतला, दोन्ही घरांचा घेतला, आणि मुलीच्या मनाचा कौल घ्यावयाचा राहून गेला, असे किती प्रसंग आपल्या देवळांच्या प्राकारांत घडले असतील? म्हणून टॅरोकडे वळणाऱ्या मुलींस नुसती नावे ठेवणे आम्हांस मानवत नाही. आमच्या घरांत वराच्या नोकरीविषयी तास-तास बोलणी होतात. ‘तुला त्याच्याशी बोलताना कसे वाटते’ हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या इटालियन पत्त्यांनी तो विचारला, हे आपणांस लाजिरवाणे आहे. मी या नात्यात काय आणते, मला काय हवे, मला कशाची भीती वाटते, या घरांवर पाने मांडून अर्धा तास बसणाऱ्या मुलीने आपल्या मनाशी जेवढा प्रामाणिक संवाद केला असेल, तेवढा आमच्या पिढीतील पुष्कळांनी बोहल्यावर चढेपर्यंत केलेला नव्हता.

यास्तव आमची सूचना मांडणी मोडण्याची नाही, दुरुस्त करण्याची आहे. दुसऱ्याच्या मनाचे घर काढून टाकावे. तेथे पान न ठेवता जागा रिकामी सोडावी, म्हणजे तेथे एक माणूस बसावयाचा आहे याची आठवण राहील. दोघे मिळून बसता आले तर फारच उत्तम. प्रत्येकाने एकेक चित्र उचलून त्यात आपणांस स्वतःचे काय दिसते तेवढे सांगावे, दुसऱ्याविषयी एक शब्द बोलू नये. अशा बैठकीस भविष्यवेत्ता लागत नाही, दक्षिणाही लागत नाही. सावंतवाडीचा गंजिफा घेऊन बसले तरी चालेल. वराहाच्या पानावर नवरा काय बोलतो आणि वामनाच्या पानावर बायको काय बोलते, हे ऐकण्यासारखे असेल.

आणि देवळांविषयी एक चौकशी. विवाहाचा प्रसाद घेताना वधूने स्वतः देवापुढे उभे राहावे, गाऱ्हाण्यात तिचे नाव घेऊन तिची इच्छा प्रथम सांगितली जावी व मगच पाकळी लावावी, अशी चाल गोमंतकातील वा कारवारकडील एखाद्या देवस्थानात असल्याचे कोणा वाचकास ठाऊक असेल, तर त्यांनी तिचे वर्णन, मराठीत वा कोंकणीत, याच मासिकाकडे धाडावे. आमच्या बालाघाटात ते वाचणारे पुष्कळ आहेत.